झाकल्या मुठीचे देणे

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस घराघरांतून माळे रिकामे होऊ लागतात. तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासून उन्हात मांडली जातात, गाद्या गच्चीवर जातात, आणि एरवी वर्षभर कोणाच्या ध्यानीमनी नसलेली एखादी पत्र्याची पेटी ओटीवर येते. तिच्यात काय असते हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका, खरेदीखताची नक्कल, विरलेले पातळ, कडा पिवळ्या झालेला एक फोटो. आणि बहुतेक पेट्यांत असे एखादे पुडके असतेच, की त्याची सुतळी सोडू लागले म्हणजे घरातली वडील बाई म्हणते, "ते राहू दे रे तिथंच." मुले ऐकतात. पेटी पुन्हा माळ्यावर जाते आणि घरात चकलीची भाजणी दळून येते.

माझा सारा व्यवहार या न सुटलेल्या सुतळ्यांशी आहे. शिक्षण माझे मॅट्रिकपुरते. धुळ्याच्या एका खाजगी शाळेत लहान मुलांना शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. वरच्या वर्गांना इतिहास शिकवण्याचा अधिकार मला नाही. गोष्ट सांगण्याचा आहे, आणि त्याला अजून तरी कोणी हरकत घेतलेली नाही. माझ्या कादंबऱ्या लढायांच्या काळातल्या असतात, पण त्यांत लढाई थोडी आणि घरे फार, अशी तक्रार वाचक करतात. तक्रार खरी आहे. कोणत्या टेकडीवर तोफा होत्या यापेक्षा, त्या तोफांचा आवाज ऐकून घरातल्यांनी काय ठरवले आणि ते पुढे कोणाला सांगितले नाही, यातच माझा जीव गुंततो.

वाचक विचारतात, "मास्तर, हे खरे कुठे घडले?" याचे उत्तर देणे सोपे असते, हसून विषय बदलला की भागते. पण कोणी कोणी विचारतात, "मास्तर, हे उघडे करण्याचा तुम्हांला अधिकार काय?" या प्रश्नाला हसून भागत नाही. घराने तीन पिढ्या जे झाकून ठेवले ते चौथ्या पिढीत एका परक्या माणसाने, तेही पुस्तकाला विषय हवा म्हणून, चव्हाट्यावर आणावे का? सणाच्या दिवसांत हा प्रश्न जरा जड वाटेल. परंतु सणालाच तर सारे घर एकत्र जमते, आणि जो विषय टाळायचा तो सगळे मिळून किती सफाईने टाळतात हेही सणालाच दिसते.

प्रथम हे पाहिले पाहिजे की लढाईच्या दिवसांत घरांत गुपिते इतकी साठतात का. माणूस शांततेच्या काळात खोटे बोलतो ते बहुधा स्वतःसाठी. थोडे अब्रूसाठी, थोडे पैशासाठी. लढाईत तो दुसऱ्याच्या जिवासाठी खोटे बोलतो. ज्याच्या नावाचे वॉरंट निघाले आहे असा मनुष्य कडब्याच्या गंजीत बसलेला असतो, आणि दारातल्या फौजदाराला घरधनीण सांगते, "आमच्याकडे कोणी आलं नाही." हे खोटे पुण्याचे असते. घरातली पाच वर्षांची पोरही ते बोलायला शिकते. जे घर एरवी मुलांना खरे बोलायला शिकवते तेच घर त्या दिवसांत मौन शिकवते, आणि मौन शिकवायला फार दिवस लागत नाहीत. अवघड असते ते पुढचे. लढाई संपल्याचा जाहीरनामा निघतो, पण आता तोंड उघडायला हरकत नाही असा जाहीरनामा कोणी काढत नाही. शपथ घ्यायला सारे जमतात. शपथेतून मोकळे करायला कोणी येत नाही. ज्याच्यासाठी ती घेतली तो कधीच मरून गेलेला असतो आणि घर आपले गप्पच असते.

आमच्या धुळ्याला या झाकाझाकीचा एक मोठा वैरी येऊन राहिला होता. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे उत्तरायुष्य येथे गेले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी येथेच त्यांचा अंत झाला. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने येथे संशोधन मंडळ निघाले; मोडीची जुनी दप्तरे तेथे आजही आहेत. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला, त्यात १७५० ते १७६१ पर्यंतचा, म्हणजे पानिपतापर्यंतचा पत्रव्यवहार होता. ही पत्रे काही सरकारी कचेरीत मांडून ठेवलेली नव्हती. ती वाड्यांच्या माळ्यांवर, रुमालांत बांधलेली, वाळवीच्या तोंडी होती, आणि दप्तर दाखवा म्हटले की घरवाले हात राखून बोलत.

यात घरवाल्यांचा अडाणीपणा होता असे आपण मानतो. मला तसे वाटत नाही. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ आले आणि ज्याच्यापाशी पक्के कागद नाहीत त्याच्या जमिनी सरकारजमा होऊ लागल्या. कागद दाखवला तर त्यातला एखादा शब्द अंगाशी येईल, न दाखवला तर इनाम जाईल, अशा कात्रीत त्या घरांनी दोन पिढ्या काढल्या होत्या. अशा घराच्या दारात एक तापट मनुष्य येऊन उभा राहतो आणि म्हणतो, दप्तर सोडा! त्याला लगेच पाट मांडून बसवावे ही अपेक्षा जरा जास्तच होती. तरीही राजवाड्यांनी मागितले हे योग्यच केले. ते मागत होते राष्ट्राच्या इतिहासासाठी. घराच्या अब्रूशी त्यांना कर्तव्य नव्हते. कादंबरीकाराचे तसे नाही. त्याला नेमके घरच हवे असते.

आणि घर दप्तरात सापडत नाही. घोड्यांच्या चंदीचा हिशेब सापडतो, हुंड्या सापडतात, कोण कोठे पडला ते सापडते. पण १४ जानेवारी १७६१ ची बातमी घरी पोचल्यावर काय झाले ते दप्तरात नसते. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पानिपताहून परत आल्या. भाऊ गेल्याचे त्यांनी मानले नाही आणि अखेरपर्यंत सौभाग्यचिन्हे उतरवली नाहीत. पुढे भाऊंच्या नावाने तोतया उभा राहिला. रत्नागिरीकडे त्याने फौज जमवली, मोठमोठे लोक त्याला फसले किंवा फसल्यासारखे वागले, आणि अखेर डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यास त्याला देहान्त प्रायश्चित्त मिळाले. दरबारच्या दृष्टीने प्रकरण मिटले. त्या दिवशी पार्वतीबाईंनी काय केले? कपाळाचे कुंकू रोजच्यासारखेच लावले असेल. त्या वाड्यातल्या प्रत्येकाला काहीतरी ठाऊक होते आणि प्रत्येकजण त्या बाईसमोर गप्प होता. ती मंडळी क्रूर होती की दयाळू, हे इतिहास सांगू शकत नाही, आणि येथून कादंबरीकाराचे काम सुरू होते.

त्याच वाड्यातले दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. थोरल्या बाजीरावांचा अंत २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठच्या रावेरखेडीला झाला. (हे आमच्या जळगाव जिल्ह्यातले रावेर नव्हे, पाहुण्यांना हे दर वेळी सांगावे लागते.) पाठोपाठ मस्तानीही गेली. तिचा मुलगा समशेरबहाद्दर वाड्यात वाढला, पण वाड्याचा झाला नाही. पंक्तीला त्याचे पान कोठे मांडायचे हा प्रश्न सुटला नाही. फौजेत त्याचा घोडा कोठे उभा करायचा हा प्रश्न मात्र कोणाला पडला नाही. पानिपतावर तो लढला, जखमी झाला आणि भरतपूरकडे मरण पावला. वय सत्तावीसच्या आसपास. ज्या घराने त्याला देवघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवले, त्या घराच्या लढाईत त्याचे रक्त घरच्यांइतकेच सांडले. त्याचा वंश बुंदेलखंडात बांद्याचे नवाब म्हणून राहिला, आणि १८५७ साली त्याचा पणतू, दुसरा अलीबहाद्दर, इंग्रजांविरुद्ध उठला. एकीकडे पेशव्यांचे दत्तकपुत्र नानासाहेब, दुसरीकडे मस्तानीचा खापरपणतू, आणि शत्रू एकच. पुढच्या साली इंग्रजांनी बांदा घेतले आणि नवाबाची रवानगी इंदुरास झाली.

ना. सं. इनामदारांची 'राऊ' १९७२ मध्ये आली. घराघरांतून वाचली गेली, बायकांनी दुपारच्या वेळी एकमेकींना वाचून दाखवली. तिने काही गुपित फोडले असे नाही. मस्तानीचे नाव आधीही सर्वांना ठाऊक होते. पण ठाऊक असणे निराळे आणि तिच्यासाठी आपल्या स्वयंपाकघरात बसून डोळे पुसणे निराळे. जे देणे पेशव्यांच्या घराने फेडले नाही ते मराठी वाचकांनी थोडेफार फेडले, असे मला वाटते. अर्थात समशेरबहाद्दराला त्याचा उपयोग नव्हता.

दप्तर असलेल्या घरांची ही गोष्ट झाली. आमच्या खानदेशात दप्तर नसलेली घरेच फार. १८२५ साली औट्रॅमसाहेबाने धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली. तेहतीस वर्षांनी, ११ एप्रिल १८५८ रोजी, सातपुड्यात आंबापाणीला खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या भिल्लांवर सरकारची फौज चालून गेली, तेव्हा सरकारच्या बाजूने लढणाऱ्यांतही भिल्ल पलटणीचे शिपाई होते. खाज्या नाईक स्वतःही पूर्वी सेंधव्याच्या घाटावर सरकारी रखवालीत होते. म्हणजे एकाच कुळातले दोन भाऊ त्या दिवशी समोरासमोर आले नसतील असे कोण म्हणेल? पुढे १८६० मध्ये खाज्या नाईकांचा फितुरीने घात झाला. या साऱ्याचा कागद आहे तो साहेबाच्या कचेरीतला. पाड्यावरच्या घरांत काय बोलले गेले आणि काय गिळले गेले, त्याचा कागद नाही. तेथे पेटी नाही, पुडके नाही, सुतळी नाही. फक्त एखाद्या कुळाशी सोयरीक न करण्याची रीत आहे, आणि तिचे कारण विचारले तर म्हातारे डोंगराकडे पाहतात.

आता आपल्या जवळच्या काळाकडे येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धुमाळीत, १९४२ पासून पुढची तीनचार वर्षे, जळगाव-धुळ्याची कितीतरी घरे अशी मौन होती. सप्टेंबर १९४२ मध्ये नंदुरबारला शाळकरी शिरीषकुमार मेहता पोलिसांच्या गोळीला बळी पडला. नंदुरबार तेव्हा धुळ्याकडेच होते, वेगळा जिल्हा १९९८ मध्ये झाला. अमळनेर तालुक्यातल्या डांगरीचे डॉ. उत्तमराव पाटील भूमिगत झाले. त्यांच्या पत्नी लीलाताई शिक्षा झाल्यावर बंदिवासातून निसटल्या आणि त्याही भूमिगत झाल्या. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारला निघालेला सरकारी खजिना शिंदखेडा तालुक्यात चिमठाण्याजवळ अडवला गेला. सातारच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि खानदेशचे कार्यकर्ते यांनी साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम नेली. ही नावे सर्वांना ठाऊक आहेत आणि ती असावीत. पण अशी माणसे हवेत राहत नव्हती. कोणाच्या तरी धाब्याच्या घरात राहत होती, कोणाच्या तरी चुलीवर त्यांची भाकरी भाजली जात होती, आणि दळण का वाढले याचे कारण शेजारणीला सांगायचे नव्हते.

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, १९७२ साली, सरकारने ताम्रपट दिले आणि निवृत्तिवेतन सुरू केले. तुरुंगात गेलेल्यांचे काम सोपे होते. तुरुंगाकडे नोंद होती. भूमिगतांना मात्र सहा महिने लपून होतो याचा पुरावा द्यायचा होता, किंवा तुरुंगवास भोगलेल्या एखाद्या सहकाऱ्याचे प्रमाणपत्र आणायचे होते. म्हणजे ज्यांनी गुप्तता उत्तम पाळली त्यांच्यापाशी पुरावा सर्वांत कमी! ज्या बाईने शेजारणीलाही कळू दिले नाही तिच्या बाजूने साक्ष कोण देणार? सरकारपासून लपवलेले गुपित सरकार गेले की मानाचे होते, पण ते मानाचे करून घ्यायलाही कागद लागतो.

आणि याखेरीज आणखी एक गुपित असते, ते सरकारपासून नव्हे, आपल्याच माणसांपासून लपवलेले. त्याला ताम्रपट नाही.

असे एक मी ऐकले. गावाचे नाव सांगत नाही; बोरी नदीच्या काठचे गाव आहे एवढेच पुरे. पंधराएक वर्षांपूर्वी मी भूमिगतांच्या काळावर कादंबरी लिहायला घेतली होती आणि जुनी माणसे शोधत हिंडत होतो. एका घरी ऐंशीच्या घरातली एक म्हातारी होती. सगळे तिला माय म्हणत, मीही म्हणू लागलो. भिंतीवर तिच्या सासऱ्याचा ताम्रपट होता. १९४३ साली एक भूमिगत कार्यकर्ता त्या घरात चार महिने राहिला होता. माय तेव्हा पंधरा वर्षांची, नवी सून. तिने मला सारे सांगितले: माणूस गंजीत कसा झोपे, पोलीस पाटलाची चाहूल कशी लागे, भाकऱ्या किती लागत. आणि मग तो पकडला गेला. कोणी सांगितले? सासऱ्याच्या धाकट्या भावाने. सारे गाव हेच सांगे. तो त्या दिवशी पारोळ्याच्या बाजाराला गेला होता, उशिरा परतला होता, थोरल्याशी त्याचे वाटणीवरून बोलणे झाले होते; गावाला एवढे पुरले. तो बायकोपोर घेऊन जळगावला गेला, गिरणीत लागला, पुन्हा गावात आला नाही.

मी तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मायने दार लोटून घेतले आणि सांगितले, की धाकट्याने नव्हे, थोरल्याने सांगितले. तिच्या सासऱ्याने. आदल्या संध्याकाळी पोलिसांनी तिच्या नवऱ्याला, सतरा वर्षांच्या पोराला, उचलून नेले होते. रात्रभर म्हातारा ओट्यावर बसून होता. पहाटे उठून गेला. दिवस उगवला तेव्हा पोरगा घरी होता आणि पाहुणा बेड्यांत होता. तिने दाराच्या फटीतून पाहिले होते. तिच्या नवऱ्यालाही ते कळले होते. तो जन्मभर बापाशी मोजकेच बोलला. बापाने जे केले ते आपल्यासाठी केले, हे ज्याला ठाऊक आहे तो बापाला दूषणही देऊ शकत नाही. धाकट्यालाही कळले असावे, असे माय म्हणाली. पुतण्याचे नाव मधे येईल म्हणून तो बोलला नाही. पाहुणा १९४६ मध्ये सुटला, आणि पुढे ताम्रपटाच्या वेळी त्यानेच थोरल्याच्या बाजूने प्रमाणपत्र लिहून दिले. त्यातले अक्षरही खोटे नव्हते. म्हाताऱ्याने चार महिने जीव धोक्यात घालून त्याला सांभाळलेच होते. चार महिने आणि एक पहाट, दोन्ही त्याचीच.

"मास्तर," माय म्हणाली, "मी मरसू तवय लिखजो."

माझे एक सहकारी मास्तर आहेत, वयाने आणि विचाराने मोठे. त्यांना मी हे नावगाव वगळून सांगितले. ते म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. थोरला गेला, धाकटा गेला, पाहुणा गेला. आता उघडून कोणाचे भले करणार?" हा युक्तिवाद हलका नाही. शहाण्या माणसाचा आहे, आणि पुष्कळ घरे त्यावर टिकून आहेत. नवरा-बायकोमधले, बाप-लेकामधले, सासू-सुनेमधले सारेच उजेडात आणले तर कोणते घर उभे राहील? जे गुपित ज्याचे त्याने गिळले आणि त्याच्याबरोबरच सरणावर गेले, ते उकरणाऱ्या लेखकाला मी चोर समजतो. त्याची भाषा कितीही सुंदर असो.

पण मूठ झाकली असली तरी ते सव्वा लाख कोणाचे, हे विचारायला नको का? धाकट्याचा नातू जळगावला डाळमिलमध्ये कामाला होता. त्याच्या बापाला शाळेत पोरे फितुराचा म्हणत. त्याच्या बहिणीची सोयरीक दोनदा बैठकीपर्यंत येऊन मोडली. गावाकडचा कोणीतरी पाहुणा प्रत्येक वेळी पुढच्यांच्या कानाला लागे. १९४३ साली जन्मही न झालेली माणसे त्या पहाटेचे हप्ते फेडत होती, आणि कर्ज काढणाऱ्याचा ताम्रपट भिंतीवर होता. धाकट्याने मौन पत्करले ते त्याचे औदार्य. आपल्या वाट्याचे दुःख पत्करण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. पण ते नातवाच्या नावे लिहून ठेवण्याचा हक्क त्यालाही नव्हता, मग थोरल्याला कोठून असणार? मला या प्रश्नात हाच एक काटा विश्वासाचा वाटतो: गुपित किती जुने, किती लाजिरवाणे, हे पाहू नये, त्याची किंमत आज कोण मोजतो आहे, आणि ती मोजायची की नाही हे त्याला कोणी विचारले होते का, हे पाहावे.

आणि येथे कादंबरी तोकडी पडते. हे कबूल करताना माझ्या धंद्याची मला थोडी लाज वाटते, पण आहे ते असे आहे. कादंबरीत मी नावे बदलणार, गाव बदलणार, बोरीची पांझरा करणार. नाव बदलले की अपराधी झाकला जातो हे खरे. पण त्याच पांघरुणाखाली निरपराधीही झाकला जातो. माझ्या पुस्तकातला कोणी कल्पित धाकटा निर्दोष ठरला म्हणून जळगावच्या त्या घरावरचा डाग कसा निघावा? वाचक हळहळतील आणि सोयरीक पुन्हा मोडेल. मी मायला तसे सांगितले. म्हटले, "माय, मी लिहीन. पण लिहिल्याने ते सुटणार नाहीत. ते तुम्ही सांगितले तरच सुटतील, आणि तुमच्या माघारी तुम्ही कशा सांगणार?"

ती पुष्कळ वेळ हातातली शेंग सोलत राहिली. मग म्हणाली, "आखाजी येऊ दे."

आखाजी हा आमच्याकडे दिवाळीच्या तोलाचा सण आहे. अक्षय्य तृतीयेला घरोघर पितरांच्या नावाने घागर भरतात, तिच्यावर डांगर ठेवतात, आंब्याचा रस, सांजोऱ्या, खापरावरच्या पुरणपोळ्या होतात, माहेरवाशिणी झोके घेतात. ज्याच्या नावाने घागर भरली तो त्या घरचा. मायच्या घरी धाकट्याच्या नावाने कधी घागर भरली गेली नव्हती. तिच्या मुलाला, साठीच्या गृहस्थाला, हे मान्य नव्हते. "आता कशाला?" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याचेही मला चुकीचे वाटले नाही. त्याची नात लग्नाची होती. आजोबांनी मिळवलेले नाव त्यालाही काही न करता मिळाले होते, आणि आता ते काही न करता जाणार होते.

तरी मायने जळगावहून त्या नातवाला बोलावून घेतले. तो आला, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. भाऊबंद जमले होते. तिने दोन घागरी भरायला लावल्या, दुसरीवर धाकट्याचे नाव घेतले, आणि सर्वांसमोर त्याला सांगितले, "तुना आजानी सांगं नही. मना सासरानी सांगं." एवढेच बोलली. पहाटेचे, पोराचे, ओट्याचे काही नाही. म्हाताऱ्याच्या बाजूने जे सांगण्यासारखे होते ते तिने सांगितले नाही. ते सांगण्याचे काम बहुधा माझ्यावर सोडले होते.

नातू रडला नाही. "मोठी माय," तो म्हणाला, "हे माझ्या बापाला सांगायला हवं होतं." तिच्यापाशी याला उत्तर नव्हते. मग तो आत आला आणि पानावर बसला. मायचा मुलगा त्याला वाढायला उठला नाही. दुसऱ्या कोणीतरी रस वाढला.

माय त्याच साली कार्तिकात गेली. कादंबरी पुढे पुरी झाली आणि छापून आली. तिच्यात मी थोरल्याला खलपुरुष करू शकलो नाही. ज्याने ती रात्र ओट्यावर काढली त्याच्याशेजारी बसल्याखेरीज मला तो लिहिता येईना, आणि शेजारी बसल्यावर त्याला शिव्या देता येईनात. हे काही वाचकांना आवडले नाही. फितुराला क्षमा केली असे एकाने लिहिले. मी क्षमा केलेली नाही; क्षमा करणारा मी कोण? मी फक्त रात्र किती लांब होती तेवढे लिहिले.

पुस्तक निघण्यापूर्वी नातू माझ्याकडे आला होता. त्याचे मागणे एकच होते: आजोबांचे नाव खरे घाला. आणि त्याच आठवड्यात मायच्या मुलाचा निरोप आला, की आमचे नाव कोठेही येता कामा नये, पोरीचे लग्न ठरते आहे. एकाच्या आजोबांचे खरे नाव घातले की दुसऱ्याचे आपोआप येणार होते; आडनाव एकच, गाव एकच. आखाजीला भाऊबंदांसमोर जे सांगायचे ते सांगून झाले होते, आणि आता किंमत मोजण्याची पाळी त्या नातीची होती. तिलाही कोणी विचारले नव्हते. मी नावे बदललेलीच ठेवली. नातवाला ते समजावून सांगितले. त्याने ऐकून घेतले, चहा घेतला, काही न बोलता गेला.

दोन वर्षांनी जळगावला गेलो असता त्याच्याकडे जाणे झाले. बहिणीचे लग्न झाले होते. तिचा मुलगा घरात रांगत होता. कपाटात माझे पुस्तक होते. चाळायला घेतले तर पानोपानी निळ्या शाईच्या खुणा. मी ठेवलेले नाव त्याने जेथे जेथे आले तेथे तेथे पट्टी धरून खोडले होते आणि वर, शाळेतल्या मुलाने काढावे तशा वळणदार अक्षरात, आजोबांचे खरे नाव लिहिले होते. थोरल्याचे नाव मात्र माझेच ठेवले होते. सवय म्हणून मी तपासत गेलो. तीन ठिकाणी खोडायचे राहिले होते. त्याच्याकडे पेन मागितले.